कानातील मेणबत्ती

कान साफ करण्यासाठी माणसाने जितक्या युक्त्या काढल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाच्या वाट्यास आल्या नसतील. आगकाडी, केसांतली पिन, किल्लीचे टोक, कापूस गुंडाळलेली काडी, कोमट तेल, लसूण घालून कढवलेले तेल, घरोघरीचे पितळी कानकोरणे आणि रस्त्यावर पेटी घेऊन फिरणाऱ्या कान साफ करणाऱ्याची सळई, एवढे प्रकार तर आपण सर्वांनी पाहिलेले किंवा अनुभवलेले आहेत. गेल्या काही दशकांत पश्चिमेकडून त्यांत आणखी एक भर पडली आहे. तो प्रकार म्हणजे कानात पेटती मेणबत्ती धरणे. युरोप-अमेरिकेत त्याचा पुष्कळ प्रसार झाला आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतल्या काही सौंदर्य व आरोग्य केंद्रांच्या फलकांवरही तो दिसतो. तेव्हा त्याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही मेणबत्ती आपल्या देवघरातील मेणबत्तीसारखी भरीव नसते. सुती कापडाची पट्टी मधमाश्यांच्या किंवा खनिज मेणात बुडवून, ती गुंडाळून सुमारे वीतभर लांबीचे पोकळ नळकांडे करतात. रोग्याने एका कुशीवर निजावयाचे. नळकांड्याचे निमुळते टोक वरच्या कानाच्या तोंडात बसवावयाचे आणि दुसरे टोक पेटवावयाचे. गळणारे मेण चेहऱ्यावर पडू नये म्हणून मध्ये भोक पाडलेली पुठ्ठ्याची थाळी अडकवतात. दहापंधरा मिनिटे ते जळत राहते, आणि बोटाएवढा तुकडा उरला की विझवतात. मग उपचार करणारा तो तुकडा कात्रीने उभा कापतो आणि आत साठलेला तपकिरी-पिवळा, भुकटीसारखा, काहीसा घाण वासाचा गाळ रोग्यापुढे धरून म्हणतो, “पाहा, हे तुमच्या कानातून निघाले!”

या उपचाराचे सारे यश त्या एका क्षणात आहे. माणूस वाचलेल्यावर शंका घेईल, ऐकलेल्यावर घेईल. पण डोळ्यांसमोर धरलेल्या वस्तूवर शंका घेणे त्यास कठीण जाते. म्हणून आपणही त्या गाळापासूनच आरंभ करू.

तो गाळ कोठून आला हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तशाच दोन मेणबत्त्या घ्याव्या. एक कानात धरून जाळावी व दुसरी कानाशी संबंध न ठेवता, नुसती थाळीत उभी धरून जाळावी. मग दोन्ही तुकडे कापून शेजारी ठेवावे. दोहोंत सारखाच गाळ सापडतो. हा प्रयोग अनेकांनी केला आहे आणि निष्कर्ष निरपवाद आहे. अर्धवट जळालेले मेण, कापडाची राख आणि काजळी यांचेच ते मिश्रण असते. कान नसला तरी ‘कानातला मळ’ निघतोच! आमच्या मते हा एवढाच पुरावा पुरेसा आहे; परंतु पुढचा भागही मनोरंजक आहे, म्हणून तो सांगतो.

मेणबत्तीचे पुरस्कर्ते असे सांगतात की, ज्योतीमुळे गरम झालेली हवा वर जाते, त्यामुळे नळीत पोकळी निर्माण होते, आणि त्या ओढीने कानातील मळ वर खेचला जातो. ऐकताना हे शास्त्रीय वाटते. आपल्या परिचयाच्या दोन गोष्टी आठवल्या म्हणजे त्यातील दोष ध्यानात येईल. पहिली गोष्ट चुलीवरचे धुराडे. धुराडे ओढ घेते हे खरे. पण ते खालून मोकळे असते म्हणून. वर गेलेल्या हवेची जागा खालून येणारी हवा घेते आणि प्रवाह चालू राहतो. कान मात्र खालून मोकळा नाही. बाहेरच्या छिद्रापासून सुमारे अडीच सेंटिमीटर आत गेले की पडदा लागतो, आणि तेथे मार्ग बंद होतो. तळ बुजवलेल्या धुराड्याने ओढ कशाची घ्यावी?

दुसरी गोष्ट तुंबडी. पोट दुखू लागले म्हणजे ‘बेंबी सरकली’ असे म्हणून बेंबीवर लहानशी पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालण्याची रीत खेडोपाडी चालत असे. तेथे खरोखर ओढ उत्पन्न होते. कातडी तांब्यात फुगून येते. परंतु का? तांब्या चहूकडून बंद असतो. आतली हवा तापून विरळ होते, ज्योत विझते, हवा निवून आकसते, आणि बाहेरून हवा आत शिरण्यास वाट नसते. मेणबत्तीचे वरचे तोंड मात्र उघडेच असते. आत यत्किंचित पोकळी झालीच तर ती वरूनच भरून निघेल. म्हणजे धुराड्यास खालचे तोंड उघडे लागते, तुंबडीस सर्व तोंडे बंद लागतात, आणि या मेणबत्तीस यांपैकी काहीच साधलेले नाही.

आणि समजा, साधले असते तर? कानातील मळ चिकट असतो, कातडीस धरून असतो. तो उपटून वर आणण्याइतकी ओढ जर तेथे उत्पन्न झाली, तर शेजारचा पडदा, जो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ आहे, तो शाबूत राहणार नाही. हा उपचार सांगितल्याप्रमाणे चालत नाही, हे रोग्याचे भाग्यच समजावयाचे.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेत सीली, क्विग्ली आणि लँगमन या डॉक्टरांनी १९९६ साली याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी कानाच्या नळीसारखी प्रतिकृती करून जळत्या मेणबत्तीखालचा दाब मोजला. ओढ मुळीच आढळली नाही. मग थोड्या कानांवर प्रत्यक्ष उपचार करून आधी आणि नंतर आत पाहिले. मळ जरासुद्धा निघाला नव्हता. उलट काही कानांत मेणबत्तीचेच मेण जाऊन पडले होते. याच डॉक्टरांनी कान-नाक-घसा यांच्या १२२ तज्ज्ञांकडे चौकशी केली तेव्हा मेणबत्तीमुळे झालेल्या २१ इजा त्यांस कळल्या. त्यांतल्या १३ भाजण्याच्या, ७ कानाची नळी मेणाने बुजल्याच्या आणि एक पडदा फाटल्याची होती. कान साफ करावयास गेलेल्या सात जणांचे कान मेणाने बुजून आले, यापरते त्या उपचाराचे वर्णन आम्हांस करता येणार नाही. पुढे २००४ साली एक्सेटर विद्यापीठातील पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी सगळा उपलब्ध पुरावा चाळून, गुण कोठेच नाही आणि अपाय मात्र आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मेणबत्त्या करणाऱ्या अनेकांना ताकीदपत्रे धाडली आणि लोकांना त्यांपासून दूर राहण्यास सांगितले, विशेषतः मुलांच्या बाबतीत. कारण पेटती वस्तू कानाशी धरली असता मूल स्वस्थ राहील याची हमी कोणी द्यावी?

आता या मेणबत्तीच्या कुळाविषयी. पुष्कळ ठिकाणी ती ‘हॉपी’ मेणबत्ती म्हणून विकली गेली. हॉपी हे अमेरिकेतील ॲरिझोना प्रांताच्या ईशान्येस, उंच पठारांवर राहणारे तेथले मूळचे लोक. त्यांच्या प्राचीन ज्ञानाचा हा वारसा आहे, असे विकणारे सांगत. खुद्द हॉपी लोकांच्या अधिकृत प्रतिनिधींनी हे साफ नाकारले आहे. आमच्यात असा उपचार कधीच नव्हता, आमचे नाव त्यास लावू नका, असे त्यांनी बजावले. दूरच्या, अबोल वाटणाऱ्या जमातीच्या नावावर माल खपविण्याची ही रीत आपणांस अपरिचित नाही. आपल्याकडे हिमालयातील साधूंचे नाव वापरतात, तिकडे हॉपींचे. फरक एवढाच की हॉपींनी उत्तर दिले, आणि आपल्याकडील साधू उत्तर देण्यास सापडत नाही.

सर्दी, डोकेदुखी, नाकाजवळच्या पोकळ्यांतील दाटलेपण हेही या मेणबत्तीने ओढून निघते असा दावा केला जातो. येथे शरीराची रचनाच आड येते. पडदा धड असेल तर बाहेरच्या कानातून आत, नाकाकडे किंवा घशाकडे, धूर वा हवा जाण्यास वाट नाही. पडद्यामागच्या पोकळीस घशाशी जोडणारी एक नळी आहे खरी, घाट चढताना कानात दडे बसतात व आवंढा गिळला की सुटतात ते तिच्यामुळेच. परंतु ती पडद्याच्या पलीकडे आहे. ज्याचा पडदा फाटलेला आहे त्याच्या कानातून वाट असते. पण तशा कानात गरम मेणाचा थेंब पडणे किती भयंकर, हे सांगावयास नको.

मग लोकांना बरे वाटते, त्याचे काय? बरे वाटते हे आम्ही नाकारीत नाही. अर्धा तास शांत खोलीत कुशीवर पडावे, कोणी आस्थेने डोक्याशी बसलेले असावे, कानाशी मंद ऊब आणि ज्योतीची तडतड ऐकू यावी, एवढ्याने कोणासही हलके वाटेल. त्याचे श्रेय विश्रांतीस द्यावे. तीस मेणबत्ती लागत नाही.

मुळात कानातला मळ ही घाण आहे, ही समजूतच या सर्व खटाटोपाच्या मुळाशी आहे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शातील बारीक ग्रंथी तो स्रवतात. तो थोडा आम्ल असतो, धूळ व किडे अडवतो, कातडीस ओलाव्यापासून जपतो. काहींचा ओला व पिवळट, तर काहींचा कोरडा व करडा असतो. हा भेद एका जनुकामुळे पडतो, असे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखविले. आणि खरे आश्चर्य पुढे आहे. कानाच्या आतील कातडी एके जागी स्थिर राहत नाही. पडद्यावर शाईचा बारीक ठिपका ठेवला तर काही आठवड्यांनी तो बाहेरच्या बाजूस सरकलेला दिसतो. नख वाढते साधारण त्याच गतीने ही कातडी आतून बाहेर सरकत असते आणि आपल्याबरोबर मळ बाहेर आणते. जबड्याची हालचाल त्यास हातभार लावते. म्हणजे आपण भाकरी चावतो तेव्हा आपला कानही साफ होत असतो. कापसाची काडी नेमके याच्या उलट करते. बाहेर आलेला मळ ठोसून पुन्हा आत बसवते.

तरीही काहींचा मळ साठतो, हे खरे. वृद्धांचा मळ कोरडा होतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानाची वाट सतत अडलेली असते. कोणाची नळी जात्याच अरुंद. अशांनी काय करावे? येथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले. त्यांत ‘कर्णगूथ’ म्हणजे कानात वाळून बसलेला मळ हाही आहे. त्यावर त्याचा उपाय असा की, आधी तेलाने तो भिजवावा, शेकाने मऊ करावा, आणि मग जाणत्या वैद्याने शलाकेने काढावा. आजचा डॉक्टरही क्रम हाच ठेवतो. आधी तेलाचे किंवा सोड्याचे थेंब देऊन मळ मऊ करतो, मग पिचकारीने, यंत्राच्या ओढीने किंवा बारीक हत्याराने, आत प्रत्यक्ष पाहत तो काढतो. पाहत काढणे हे महत्त्वाचे. रस्त्यावरच्या सळईत आणि डॉक्टरच्या हत्यारात लोखंडाचा भेद थोडा, दिव्याचा भेद फार.

पिचकारीचे पाणी अंगाच्या उष्णतेइतकेच कोमट असावे लागते. यालाही इतिहास आहे. व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी या डॉक्टरच्या ध्यानात आले की, कान धुताना पाणी फार गार झाले की रोग्यास भोवळ येते, फार ऊन झाले तरी येते, आणि दोन्ही वेळी डोळे परस्परविरुद्ध दिशांस झटके देतात. त्यावरून त्याने कानाच्या आतील, शरीराचा तोल राखणाऱ्या इंद्रियाची परीक्षा करण्याची पद्धत बसविली. तीबद्दल त्यास १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा तो महायुद्धात रशियाचा कैदी होता. कान साफ करण्याच्या रोजच्या कामाकडे नीट पाहिले तर त्यातून एवढे हाती लागते.

मेणबत्तीने होणारे सर्वांत मोठे नुकसान आमच्या मते भाजण्याचे नव्हे. ऐकू कमी येणे हे लक्षण मळाचे असेल, पडद्यामागे पाणी साठल्याचे असेल, कानातील हाड सडत असल्याचे असेल, किंवा आतील मज्जातंतूचे असेल. बाहेरून ही सारी सारखीच दिसतात. वर्गात मागे पडणारे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते, आणि त्याच्या पडद्यामागे पाणी असते. एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर उपचार जितके लवकर तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक. तेथे दोन आठवडे मेणबत्त्यांत घालविणे म्हणजे तो कान गमावण्याची तयारी होय. ज्यांचा कान वाहतो, ज्यांच्या पडद्यास भोक आहे किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तर तेल, पाणी, धूर यांपैकी काहीही डॉक्टरांनी कान पाहिल्याखेरीज आत जाऊ देऊ नये. मधुमेह असलेल्यांचा कान दुखू लागला तर तोही लगेच दाखवावा, कारण त्यांच्यात साधा वाटणारा संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. या तपासणीस लागणारे साधन म्हणजे एक लहानसे दिवा बसविलेले नळकांडे. त्यातून पडदा दिसतो, आणि मळ आहे की नाही हे मिनिटभरात कळते.