रात्री १० वाजता माईक बंद, मग दरबारी आणि मालकंस ऐकायचे कधी?

उन्हाळ्यात यवतमाळचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात. गावात जीव येतो तो सूर्य मावळल्यावर. घराघरातली जेवणं उरकून लोक निवांत व्हायला साडेआठ-नऊ होतात. गाणं ऐकायला हीच वेळ खरी.

आता समजा, शहरात शास्त्रीय गायनाची एक मैफल ठेवली आहे. पत्रिकेवर वेळ आहे साडेसहा. श्रोते जमेपर्यंत सात वाजले. मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, दोन-तीन सत्कार आणि एक लांबलेलं मनोगत. तानपुरे जुळून गायकानं पहिला सूर लावला तेव्हा घड्याळात पावणेआठ. एक मोठा राग, एक मध्यम राग, एखादं नाट्यगीत. श्रोते नुकते रंगात आलेत, तेवढ्यात संयोजक विंगेतून घड्याळ दाखवतो. दहाला दहा कमी. गायक भैरवी सुरू करतो आणि मैफल संपते.

थोड्याफार फरकानं राज्यातल्या बहुतेक गावांत हेच घडतं. पण यात नेमकं काय हरवतं? आणि त्यावर काही मार्ग आहे का?

आधी नियम समजून घेऊ.

१० वाजताचा नियम नेमका काय आहे?

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारनं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत लाऊडस्पीकर वाजवायचा नाही. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर सविस्तर निकाल दिला आणि अंमलबजावणी कडक झाली. २०१० च्या दुरुस्तीनंतर लाऊडस्पीकरच्या जोडीला वाद्यंही या बंदीत आली.

याला दोन अपवाद आहेत.

पहिला, बंदिस्त जागा. सभागृह, समाजमंदिर, मंगल कार्यालयाचा हॉल अशा ठिकाणी आतल्या लोकांपुरता आवाज चालतो. दुसरा, सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम. त्यासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. महाराष्ट्रात या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. यातले बरेचसे दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि जयंत्यांनाच लागतात. गाण्याच्या मैफलीच्या वाट्याला क्वचितच एखादा येतो.

हा नियम गाण्याच्या विरोधात मात्र नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे किंवा बारावीचा विद्यार्थी आहे, त्याला विचारा. डीजेच्या भिंती थांबवायला हाच नियम कामी येतो. अडचण एवढीच की डीजे आणि तानपुरा, दोघांसाठी घड्याळ एकच आहे.

पण गाण्याला रात्रच कशाला हवी?

हिंदुस्थानी संगीतात दिवसाचे आठ प्रहर मानतात आणि एक प्रहर साधारण तीन तासांचा. प्रत्येक रागाला त्याची वेळ ठरलेली आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी देशभर फिरून, घराण्यांच्या बंदिशी गोळा करून राग १० थाटांत बसवले आणि वेळेमागचं सूत्रही मांडलं.

ते सूत्र ढोबळमानानं असं. दिवस-रात्र एकमेकांना भेटतात त्या संधिप्रकाशाच्या वेळी कोमल रिषभाचे राग, म्हणजे पहाटे भैरव आणि सायंकाळी पूर्वी किंवा पूरिया धनाश्री. त्यानंतर शुद्ध रिषभ-धैवताचे राग, जसा दिवेलागणीनंतरचा यमन. मग रात्र चढत जाते तसे कोमल गंधार-निषादाचे राग येतात. बागेश्री, दरबारी कानडा, मालकंस ही त्यातली मोठी नावं. रात्रीच्या शेवटच्या प्रहरात सोहनी, परज, कालिंगडा आणि उजाडता उजाडता ललत.

हा काही भौतिकशास्त्राचा नियम नाही. कर्नाटक संगीताच्या कचेऱ्यांत वेळेचं एवढं बंधन पाळत नाहीत. मोबाईलवर तर भर दुपारीही मालकंस लावता येतो. पण इकडे पिढ्यानपिढ्या गायकाचा गळा आणि श्रोत्याचा कान, दोन्ही या वेळांवर घडलेत. दरबारीत गंधार आंदोलन घेत घेत, मंद्र सप्तकात सावकाश लावायचा असतो. त्या गाण्याला घाई चालत नाही. बाहेर हॉर्न वाजत असताना आणि संयोजक घड्याळ दाखवत असताना तो रंगणार कसा?

मग हे राग गातच नाहीत का?

गातात. बागेश्री आणि दरबारी आता साडेआठ-नऊलाच गायले जातात. मालकंसही दहाच्या आत उरकतात. खरा फटका बसला मध्यरात्रीनंतरच्या रागांना. कारण त्या वेळी मंचच नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पाहा. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून तो सुरू केला. एकेकाळी हा महोत्सव रात्रभर चालायचा. लोक घोंगड्या-शाली घेऊन यायचे आणि शेवटच्या दिवशी उजाडताना भीमसेनजींचं गाणं ऐकून घरी जायचे. नियम कडक झाल्यावर महोत्सवाच्या वेळा बदलल्या. गाणं दुपारीच सुरू होऊ लागलं. अलीकडे एखाद्या दिवशी १२ पर्यंत परवानगी मिळते. त्यामुळे दुपारचे मुलतानी, भीमपलासी यांसारखे राग पुन्हा मोठ्या मंचावर आले, हा फायदाच म्हणायचा. पण परज किंवा सोहनीचं विस्तारानं मांडलेलं गाणं ऐकायची संधी कमी झाली.

नुकसान फक्त श्रोत्यांचं नाही. गुरूकडे वर्षानुवर्षं बसून विद्यार्थी उत्तररात्रीचा राग शिकतो. तो मंचावर गायलाच मिळाला नाही, तर पुढच्या शिष्याला शिकवताना त्याच्याकडे तालीम असेल, पण मैफलीचा अनुभव नसेल.

यावर उत्तर काय? जुनी बैठक!

माईक येण्याआधी गाणं चालायचं ते बैठकीत. वाड्याचा दिवाणखाना, अंथरलेली सतरंजी, लोडतक्के, मध्ये गायक, मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. समोर पन्नास-साठ माणसं. पाश्चात्त्य देशांत ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्याची आपल्याकडची बहीण म्हणजे ही बैठक.

बैठकीला लाऊडस्पीकर लागत नाही. बंद खोलीत गळ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सहज जातो. तानपुऱ्याचा झंकार थेट कानावर येतो. मालकंसात पंचम नसतो, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात. हा बदल छोट्या खोलीत साध्या कानालाही कळतो.

विदर्भाला अशा बैठकींचं वावडं कधीच नव्हतं. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. यवतमाळहून सुटणारी शकुंतला रेल्वे जिथं पोहोचायची, तेच हे गाव. गझलनवाज भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे, शास्त्रीय तालीम घेऊन गझलेकडे वळलेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत राहून सुधाकर कदम यांनी मराठी गझलगायनाच्या मैफली केल्या. मोठ्या शहरात राहिलं तरच गाणं होतं, असं काही नाही.

बैठक ठेवायची असेल तर काय लक्षात ठेवायचं?

• जागा खरोखर बंदिस्त हवी. गच्ची, अंगण किंवा मंडप बंदिस्त जागेत येत नाही. तिथं १० नंतर तबलाही नको.

• आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणून खिडक्या बंद आणि माईक नको.

• दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. ती जागा टाळलेलीच बरी.

• शेजाऱ्यांना आधी सांगा. जमलं तर बोलवाच. गाण्याला आलेला शेजारी तक्रार करत नाही.

• मोठा मंचच हवा असेल तर सत्कार आवरा. भाषणांतून वाचलेला पाऊण तास म्हणजे एक अख्खा राग असतो.

• पहाटेचे राग ऐकायचे तर सकाळी सहानंतरची मैफल ठेवा. दिवाळी पहाटेला लोक येतात, तसे एरवीही येतील. फक्त सहाच्या आधी लाऊडस्पीकर लावला तर तोही नियमभंगच आहे.

मैफलीचा शेवट भैरवीनं होतो. खरं तर भैरवी हा सकाळचा राग. पण रात्रभर गाऊन मैफल संपायची तेव्हा उजाडलेलं असायचं आणि त्या वेळी भैरवीच शोभायची, असा या प्रथेचा एक अर्थ सांगतात. आता ती रात्री पावणेदहाला गायली जाते. पुढच्या वेळी भैरवी सुरू झाली की घड्याळाकडे एकदा बघा. मधली सगळी रात्र गाळून गाणं थेट सकाळवर आलेलं असतं.