क्रूझ कंट्रोलने पायाला आराम मिळतो, झोपेचे काय?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मुदखेड-नांदेडकडची मंडळीही आता जालन्याला जाऊन हा रस्ता धरतात. तासन्‌तास अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून घोटा अवघडतो, पोटरी भरून येते. मग जुन्या गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवून घ्यावे, असा विचार मनात येतो.

हे यंत्र शोधणारे अमेरिकी अभियंते राल्फ टीटर हे लहानपणीच अंध झाले होते. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आले. चालकाने ठरवलेला वेग कायम राखणे, एवढेच साध्या क्रूझ कंट्रोलचे काम. पुढे ट्रक आहे की गुरे, हे त्याला कळत नाही.

जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल असते. तिथे केबल ओढणारी मोटर बसवावी लागते. अलीकडच्या गाड्यांत पेडलला सेन्सर असतो; तिथे त्या वायरिंगमध्ये एक छोटे मोड्यूल जोडतात. दोन्हींत महत्त्वाची गोष्ट एकच. ब्रेक किंवा क्लच दाबताच क्रूझ तत्काळ बंद झाले पाहिजे. ब्रेकचे कनेक्शन कच्चे राहिले, तर चालक ब्रेक दाबतो आणि यंत्र इंजिनाला जोर देत राहते. म्हणून काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात तपासावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

आता शरीराकडे वळू. पायाला आराम मिळतो, हे खरे. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर मेंदूला काम उरले नाही की तो सुस्तावतो. डोळे उघडे असूनही मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत. त्यातच काही सेकंदांची डुलकी लागते. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत १०० मीटर, तेही चालकाविना. पाय पेडलवर असताना डुलकी लागली, तर अनेकदा पाय सैल पडून वेग थोडा उतरतो. क्रूझवर तो उतरत नाही.

पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळांत शरीराचे घड्याळच झोपेकडे झुकते. या वेळी क्रूझ वापरू नये. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्यांनी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि जवळ ग्लुकोज ठेवावे.

दर दोन तासांनी थांबून पाच मिनिटे चालावे. पोटरीचे स्नायू हलले की पायातले रक्त वर सरकते. जांभया सुरू झाल्या तर गाणी लावणे किंवा काच उघडणे पुरत नाही. सुरक्षित थांब्यावर गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. चहा-कॉफीचा परिणाम दिसायलाही साधारण अर्धा तास लागतो.

पावसात, घाटात आणि वर्दळीत क्रूझ बंदच ठेवावे. मुदखेड ते जालना या वाटेवर गतिरोधक, उसाचे ट्रॅक्टर आणि मधेच आडवी येणारी जनावरे पाहता तिथे त्याचा उपयोग नाहीच. वर्षातून दोन-तीनदाच समृद्धीवर जाणार असाल, तर तो खर्च टायर, ब्रेक आणि मागच्या सीटच्या पट्ट्यांवर करणे अधिक शहाणपणाचे. वाटेत अपघात दिसलाच, तर १०८ क्रमांक लक्षात ठेवा.