प्रकाशाची मात्रा

माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे रथसप्तमीस, अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालावे आणि सूर्यनारायणाकडे आरोग्य मागावे, असा आपल्या घरांतील परिपाठ आहे. या दिवशीच्या कीर्तनात पूर्वरंगास आम्ही बहुधा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासावे सूक्त घेतो. प्रस्कण्व ऋषींचे हे सूक्त. त्याच्या अखेरच्या ऋचांत ऋषी सूर्याजवळ विनवितात की, हृदयाचा रोग जावो आणि अंगीचा 'हरिमा', म्हणजे पिवळेपणा, जावो. तो पिवळेपणा पोपटांच्या नि तशाच पाखरांच्या ठायी जाऊन राहो. कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावीत असता कोणी ना कोणी विचारतोच, "बुवा, म्हणजे हल्लीचे प्रकाशाचे उपचार आपल्या ऋषींना ठाऊकच होते म्हणायचे!" आम्ही त्यास मान डोलावीत नाही. सूक्तात प्रार्थना आहे, चिकित्सा नाही. आणि प्रार्थनेस चिकित्सेचा दाखला जोडल्याने प्रार्थनेचे मोल वाढते असे आम्हांस वाटत नाही. तथापि प्रकाशाने माणसाचा मेंदू वाचतो, ही गोष्ट आज शब्दशः खरी आहे. आणि तिची पहिली ठोस प्रचीती पिवळेपणाच्याच निमित्ताने आली, याची मौज आम्हांसही वाटल्यावाचून राहत नाही. ती कथा आधी सांगतो.

इंग्लंडात एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथे एक रुग्णालय होते. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या हाती होता. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा व ऊन बालकांस मानवते, अशी या बाईंची धारणा. म्हणून चांगल्या दिवशी त्या बालकांना बाहेर अंगणात नेत. 1956 साली डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांनी एक बाळ उघडे करून दाखविले. सारे अंग फिकट पडलेले आणि एका त्रिकोणी भागावर मात्र गडद पिवळा रंग! काही औषध फासले की काय, असे डॉक्टरांना वाटले. खुलासा असा निघाला की बाळास कावीळ होती. दुपट्याचे टोक जेथे होते तेवढी जागा पिवळी राहिली आणि जेथे ऊन लागले तेथील पिवळेपणा उतरला. पुढे थोड्याच काळात त्याच रुग्णालयात एका काविळीच्या बालकाच्या रक्ताची नळी उन्हाच्या खिडकीत राहून गेली आणि तपासणीत पिवळे द्रव्य अपेक्षेहून फार कमी भरले. दोन्ही गोष्टींचा धागा एकच. क्रीमर, पेरिमन व रिचर्ड्स या तिघांनी तो धरून कृत्रिम दिव्यांवर प्रयोग केले आणि 1958 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा काविळीचे बाळ 'निळ्या लाइटखाली' ठेवतात, त्याचे मूळ त्या अंगणात आणि त्या बाईंच्या नजरेत आहे.

यात मेंदूचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. मुळाचा संबंध तोच आहे. जन्मल्यावर जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडून जे पिवळे द्रव्य बनते, त्यास बिलिरुबिन म्हणतात. कोवळ्या यकृतास ते लवकर बाहेर टाकता येत नाही, म्हणून निम्म्याहून अधिक नवजात बालके थोडीफार पिवळी दिसतात आणि बहुतेकांचे ते आपोआप निवळते. परंतु द्रव्य मर्यादेबाहेर वाढले तर ते रक्तातून मेंदूत उतरते आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रे पिवळी होऊन कायमची जायबंदी होतात. मूल वाचले तरी बहिरे होते, हातपाय वेडेवाकडे हलतात, मान धरत नाही. निळ्या प्रकाशाचे काम एवढेच की त्वचेतून जाणाऱ्या बिलिरुबिनच्या कणांची ठेवण बदलावी. मग ते पाण्यात विरघळते आणि यकृताची वाट न पाहता पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाते. 460 ते 490 नॅनोमीटर लांबीच्या निळ्या लहरी यास सर्वांत उपयोगी पडतात. औषधाचा थेंब नाही, सुई नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून बाळ उजेडात निजते आणि मेंदू वाचतो.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण प्रश्न घराघरांतला आहे. "आमच्या वेळी नाही असले दिवे! कोवळ्या उन्हात धरले की झाले," असे आजीबाई म्हणतात आणि सून गप्प बसते. आजींची माया खरी. पण उन्हास माप नसते. खिडकीतल्या उन्हात किती निळा प्रकाश आला, बाळाचे किती अंग उघडे होते, किती वेळ होते, हे कोण मोजणार? शिवाय उघड्या बाळास थंडी बाधते किंवा कातडी भाजते. नायजेरियात दिवे व वीज यांची वानवा असल्यामुळे तेथील डॉक्टरांनी, अपायकारक किरण गाळणारी पारदर्शक पटले ताणून त्याखाली उन्हातच उपचार केले आणि ते नेहमीच्या दिव्यांच्या तोडीस उतरले, असे 2015 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सूर्य कमी पडत नाही. पण तेथे गाळणी होती, पहारा होता आणि रक्ताची तपासणी होती. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झाले किंवा दूध ओढीनासे झाले, तर पंचांग, अंगारा, ऊन यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. अंगारा मागाहून लावता येतो.

आता उत्तररंगाकडे वळू. डोळा पाहण्यासाठी आहे, असे आपण समजतो. पण डोळ्याचे दुसरेही एक काम आहे, आणि ते उलगडण्यास विसावे शतक सरावे लागले. 1920च्या दशकात क्लाइड कीलर या अमेरिकन विद्यार्थ्यास आढळले की, जन्मांध उंदरांच्या बाहुल्यादेखील उजेडात आकसतात. दिसत नाही, तरी उजेड कळतो! 1998 साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या कातडीत प्रकाश ओळखणारे एक द्रव्य गवसले; त्यास मेलॅनॉप्सिन म्हणतात. हेच द्रव्य दृष्टिपटलातील मोजक्या पेशींत असते आणि त्या पेशी स्वतःच प्रकाशास जाग्या होतात, हे 2002 साली सिद्ध झाले. या पेशींचे तंतू मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नाड्या एकमेकींस छेदतात त्याच्या थोडे वर, सुमारे वीस हजार पेशींच्या एका जोडपुंजक्यात पोहोचतात. तो पुंजका म्हणजे शरीराचे घटिकापात्र. झोप, जाग, अंगाची ऊब, मेलाटोनिन नावाचा रात्रीचा स्राव, सारे त्याच्या ठोक्यावर चालते; आणि ते घटिकापात्र रोज मिळवून घेण्याचे काम सकाळचा उजेड करतो.

उजेड किती, हे लक्स या परिमाणाने मोजतात. एका मेणबत्तीपासून हातभर अंतरावर नव्हे, चांगले एक मीटरवर जो उजेड पडतो तो सुमारे एक लक्स. देवघरातील समईच्या एका वातीचेही तेवढेच समजा. घरातील दिव्याखाली शंभर ते तीनशे. सकाळी मोकळ्या अंगणात, सावलीतसुद्धा, हजारोंनी मोजावा लागतो आणि भर दुपारी लाखापर्यंत जातो. डोळ्यास हा फरक जाणवत नाही, घटिकापात्रास जाणवतो. उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात कित्येकांस दरसाल खिन्नता ग्रासते. तिचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल यांनी 1984 साली केले आणि सकाळी प्रखर दिव्यापुढे बसविल्याने ती उतरते असे दाखविले. दहा हजार लक्सचा दिवा, अर्धा तास, ही त्याची आजची रूढ मात्रा. आपल्याकडे तो हिवाळा नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आपल्याकडे आहे ते निराळे दुःख. घरोघरी वृद्ध माणसे आहेत आणि त्यांतील कित्येकांची स्मृती ढळते आहे. दिवेलागणीची वेळ झाली की ही माणसे बेचैन होतात, "मला घरी न्या" म्हणतात, रात्रभर जागतात आणि दिवसा पेंगतात. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या बारा निवासगृहांत याविषयी एक प्रयोग झाला व 2008 साली प्रसिद्ध झाला. 189 वृद्ध, बहुतेक स्मृतिभ्रंशाचे. काही गृहांच्या बैठकीच्या दालनात छतास जास्तीचे दिवे लावून दिवसभर सुमारे हजार लक्सचा उजेड ठेवला, काहींत नेहमीचाच. उजेडातील वृद्धांची बुद्धीची घसरण किंचित, सुमारे पाच टक्के, मंदावली आणि खिन्नतेची लक्षणे एकोणीस टक्क्यांनी कमी झाली. हे आकडे लहान आहेत, आणि आम्हांस ते लहान आहेत म्हणूनच विश्वासार्ह वाटतात. अमेरिकेत 2017 साली कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, 31 रुग्णांवर चौदा दिवस रोज दोन वेळा प्रखर प्रकाशाचा प्रयोग झाला, त्यात दिवसाची गुंगी कमी झाली. कंप बरा झाला असे नव्हे. गुंगी कमी झाली.

याहून मोठ्या आशेची वार्ता 2016 साली आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ली-ह्वे त्साई व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरसदृश विकार उत्पन्न केलेल्या उंदरांपुढे सेकंदास चाळीस वेळा लुकलुकणारा दिवा तासभर ठेवला, तेव्हा मेंदूच्या दृष्टीच्या भागातील ॲमिलॉइड नामक घातक द्रव्य जवळजवळ निम्म्यावर आले. मेंदूतील लहरी त्या तालात येतात आणि सफाई करणाऱ्या पेशी कामास लागतात, असा त्यांचा विचार. मृदंगाच्या ठेक्यावर टाळकरी एका लयीत येतात, तसे काहीसे. पण 2023 साली न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला असता ॲमिलॉइड कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही. शास्त्रात असा वाद होणे शुभच. मनुष्यांवर प्रयोग होत आहेत. परंतु उंदरास जे साधले ते आजोबांस साधेलच, असे आज कोणी सांगू लागला तर तो विक्रेता समजावा.

तसे विक्रेते आहेत. अवरक्त किरणांचे शिरस्त्राण डोक्यास घातले की अर्धांगवायू, विस्मरण, कंप, सारे जाते, अशा जाहिराती आमच्याही गावी यात्रेच्या दिवसांत येतात. त्या किरणांनी पेशींतील शक्तिकेंद्रे उत्तेजित होतात, ही कल्पना निराधार नाही; पण तिची कसोटी लागून चुकली आहे. ताज्या पक्षाघाताच्या रुग्णांच्या डोक्यावर चोवीस तासांच्या आत लेसर किरण सोडण्याचे तीन क्रमवार प्रयोग झाले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात, 120 रुग्णांत, गुण दिसला; 2009च्या दुसऱ्यात, 660 रुग्णांत, तो ठरलेल्या कसास उतरला नाही; आणि तिसरा, त्याहून मोठा योजलेला, लाभाची आशा नाही म्हणून मध्येच थांबवावा लागला. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तो वेळ शिरस्त्राणात दवडणे म्हणजे माणूस दवडणे.

लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी आणखी एक. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानात दूरदर्शनवरील मुलांच्या एका चित्रमालिकेत तांबड्या-निळ्या रंगांची वेगवान उघडझाप दाखविली गेली आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कित्येकांस झटके आले होते. ज्या घरी फेफऱ्याचा रुग्ण आहे तेथे असले दिवे आणूच नयेत. आणि व्रताच्या भरात उघड्या डोळ्यांनी सूर्यबिंबाकडे टक लावू नये. दृष्टिपटल भाजते आणि भाजलेले कळतही नाही, कारण तेथे वेदना नाही. अर्घ्य देताना दृष्टी ओंजळीतील पाण्याकडे असावी.

आमच्या आळीत एक वृद्धा आहेत. नव्वदीच्या घरात, नावे विसरलेल्या, दिवसभर माजघराच्या काळोखात बसून असत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गेल्या पावसाळ्यानंतर घरच्यांनी त्यांची खुर्ची सकाळी पूर्वेच्या ओसरीवर ठेवण्यास आरंभ केला. दोन तास त्या तेथे बसतात, चिमण्यांस तांदूळ टाकतात. तिन्हीसांजेस माहेरी जायचे म्हणून त्या अजूनही पदर खोचून उभ्या राहतात. पण हल्ली पहाटे चारपर्यंत झोप लागते, असे त्यांच्या सूनबाई सांगत होत्या. आणि सूनबाईंनाही लागते.