ओळखीची चूक आणि लघुकथा

एका माणसाला भलताच कोणी समजणे, ही कथाकारांची फार जुनी युक्ती. आपण ती बहुधा विनोदापुरती मानतो. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये गैरसमजाचा गुंता शेवटी सुटतो आणि प्रेक्षक हसत घरी जातात. लघुकथेत मात्र या चुकीचे काम निराळे असते, असे मला वाटते.

दूर कशाला जा? आपल्या अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. परंपरा त्यालाच विदर्भाची राजधानी कुंडिनपूर मानते. वनपर्वातली दमयंती इथली. स्वयंवरात तिच्यापुढे पाच नळ उभे राहतात. त्यांतले चार देव. ती देवांनाच शरण जाते, तेव्हा त्यांची लक्षणे प्रकट होतात. देवांना घाम नाही, सावली नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत. ज्याच्या अंगावर धूळ आहे, ज्याची सावली पडते, तो नळ. माणसाची ओळख पटते ती त्याच्या उणेपणावरून!

चेकॉव्हच्या ‘चुंबन’ (१८८७) या कथेत चूक सुटतच नाही. अंधाऱ्या खोलीत एक स्त्री र्‍याबोविच या बुजऱ्या लष्करी अधिकाऱ्याला दुसराच कोणी समजून त्याचे चुंबन घेते. चूक तिची, ढवळून निघते ते याचे आयुष्य. ती कोण, हे लेखक सांगत नाही. कथा तिची नव्हेच. ती त्याच्या एकाकीपणाची आहे.

शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) गोष्टी तर आपण घरोघरी ऐकतो. अंगावर चिंध्या, हाती खराटा. लोक भिकारी समजून हाकलतात आणि रात्री कीर्तनाला तोच माणूस उभा राहतो. इथे पारख बाबांची होत नाही, हाकलणाऱ्यांची होते.

तेव्हा अशी कथा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. चूक कोणाची? आणि तिची किंमत कोण मोजतो? दोन्ही उत्तरांत एकच माणूस क्वचितच येतो.

हे मला पुस्तकाआधी एस.टी.ने शिकवले. अकोल्याहून अमरावतीला येताना शेजारच्या म्हातारीने माझा हात धरला. “कावून रे बाप्पा, मावशीले ओयखलं नाही का? मले तं आता बरोबर दिसतबी नाही.” मी तिचा भाचा नव्हतो, पण तिचा आनंद पाहून तसे सांगण्याचा धीर झाला नाही. मूर्तिजापूरपर्यंत मी भाचा राहिलो, तिने दिलेली भाकरी खाल्ली. उतरताना ती म्हणाली, “मायले सांगजो, एकडाव भेटून जाय म्हना.”

चूक तिची होती, मौन माझे. तिकडे ती बहिणीची वाट पाहत असेल, आणि निरोप अजून माझ्यापाशीच आहे.