नाव कळलं की पाणी कळतं

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ब्रह्मकमळ फुलायचं असलं की संध्याकाळीच निरोप येतो. रात्री साडेनऊ-दहाला आम्ही चार घरची माणसं त्यांच्या बाल्कनीत जमतो. यंदा जुलैत एकाच रात्री सात फुलं उमलली. सगळे फुलांचे फोटो काढत होते आणि मी बॅटरी घेऊन पानाच्या कडेशी वाकले होते. आपण पान म्हणतो खरं, पण ती चपटी झालेली फांदी असते. तिच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर खाचा असतात आणि फुलाचा लांब देठ नेमका खाचेतूनच निघतो.

‘‘काकू, हा निवडुंग आहे,’’ मी म्हटलं.

त्यांनी फांदीवरून हात फिरवला. ‘‘अगं, मग काटा कुठंय याला?’’

काटा नाही, पण काट्याची जागा आहे. कॅक्टसच्या कुळातल्या झाडांवर बारीक, बहुधा लवदार गाद्या असतात. काटे, लोकर, फूल, नवी फांदी, सगळं या गादीतूनच उगवतं. शास्त्रात तिला एरिओल म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही कुळाला ती नसते. ब्रह्मकमळाच्या खाचेत ती भिंगाखाली दिसते. (हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या बाल्कनीतलं आलंय मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून.)

आपल्या भाषेत निवडुंग हा शब्द फार ऐसपैस आहे. बांधावरचा वई निवडुंग, त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग, तिघांनाही आपण एकाच नावानं हाक मारतो. पहिले दोन इथलेच, युफोर्बियाच्या कुळातले. फांदी मोडली की पांढरा चीक भळभळतो. तो डोळ्यात गेला तर डोळा सुजून बंद होतो, म्हणून मी चष्मा घातल्याशिवाय त्यांना सुरी लावत नाही. फड्या मात्र अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस. कोरड्या हवेत राहून राहून दोन अनोळखी कुळं इतकी सारखी दिसू लागली की ओळख पटवायला गादी आणि चीक एवढ्या दोनच खुणा मी आधी पाहते.

ओळखीचा हा खटाटोप कशासाठी, हे मला बरीच झाडं घालवल्यावर कळलं. सुरुवातीला एका रोपवाटिकेतून मी बारा कुंड्या आणल्या होत्या. सगळ्यांवर एकच चिठ्ठी : ‘कॅक्टस मिक्स’. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर लाल-पिवळी फुलं होती. आठवड्याभरानं एक फूल हलकेच ओढून पाहिलं, तर खाली गोंदाचा वाळलेला थेंब. सुकलेली फुलं गरम गोंदानं वाढत्या शेंड्यावर चिकटवली होती. झाड वाढणार कुठून? त्याचा राग मला आजही येतो. पण उरलेली नऊ झाडं मीच मारली. बाराही कुंड्यांना मी दर रविवारी सारखं पाणी घालत होते, आणि त्या कुंड्यांमध्ये मेक्सिकोची, दक्षिण आफ्रिकेची, मादागास्करची झाडं होती. प्रत्येकाचा पावसाळा वेगळा, झोपेचे महिने वेगळे. नाव ठाऊक नसेल तर गाव ठाऊक नाही, आणि गाव ठाऊक नसेल तर पाणी कधी द्यायचं हे कळायला मार्ग नाही.

आता माझ्या गच्चीवर एकाच मांडणीत दोन टोकं शेजारी शेजारी बसली आहेत. एक लिथॉप्स. १८११ साली विल्यम बर्चेल या प्रवाशानं दक्षिण आफ्रिकेत एक चमत्कारिक गोटा म्हणून हे उचललं, आणि हातात आल्यावर ते झाड निघालं. दोन जाड पानं, मध्ये एक फट, बस. थंडीत त्या फटीतून नवी जोडी वर येते, आणि ती जुन्या पानांतलं पाणी पिऊन वाढते. जुनी पानं कागदासारखी सुकेपर्यंत वरून पाणी द्यायचं नाही. दिलं तर जुनी सुकत नाहीत आणि झाड एकावर एक चढून बेढब होतं. उन्हाळ्यात झोप, आणि पावसाळ्यात तर थेंबही नको. पुण्याचा जून ते सप्टेंबर ते माझ्याकडे प्लास्टिकच्या पत्र्याखाली काढतं.

त्याच्या शेजारी शिंदळ माकुडी. ही आपल्या मातीतली, महाराष्ट्राच्या डोंगरांखेरीज जगात कुठेही आपसूक न उगवणारी. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८६०च्या दशकात जुन्नरच्या परिसरात ही सापडली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचं नाव पडलं फ्रेरिया इंडिका. शिवनेरी, पुरंदर अशा गडांच्या कड्यांवर, कपारींतून ती लोंबते. तिच्या भावंडांना म्हणजे माकडशिंगांना नजरेत भरतील अशी पानं नसतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली रसरशीत पानं येतात, आणि उन्हाळ्यात ती गाळून नुसत्या काड्या उरतात. पावसाच्या उत्तरार्धात तांबूस चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे डाग. लिथॉप्सला मारणारा पाऊस हिला हवा असतो. माझं रोप एका अभ्यासकानं कुंडीत वाढवलेल्या झाडाच्या कांडीचं आहे, आणि मीही आता कांड्या करून देते. कड्यावरची कुणी उपटून आणली, तर मी त्या घरी जाऊन भांडेन. उरल्याच आहेत किती!

एवढं सगळं कळूनही ऑगस्टमध्ये घात होतोच. गेल्या वर्षी रात्रीच्या वाऱ्यानं पत्रा सरकला आणि अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस दोन दिवस भिजलं. या कॅक्टसला काटे नसतात. चपटा हिरवा चेंडू, बहुधा आठ फाका, आणि प्रत्येक फाकेवर मधोमध लोकरीच्या टिकल्यांची ओळ. वरून काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. बुडाशी अंगठा दाबला, तर पिकल्या चिकूसारखा आत गेला.

अशा वेळी वाट पाहायची नसते. पेपर कटरचं नवं पातं स्पिरिटनं पुसलं आणि बुडातून पहिला काप काढला. आतला गर चॉकलेटी झालेला, वास आंबूस. पातं पुन्हा पुसलं. दुसऱ्या कापात गर पांढुरका-हिरवा दिसला. नवशिकी असते तर इथंच थांबले असते. पण गराच्या मधोमध एक गोल कडं असतं, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांचं, आणि कूज त्याच वाटेनं वर चढते. कड्यावर नारिंगी ठिपके होते. तिसरा काप. अजून दोन ठिपके, मोहरीपेक्षा बारीक. दर कापाला पातं पुसायचं, नाहीतर कूज आपणच वर नेतो. चौथ्या कापाला कडं स्वच्छ निघालं. हातात उरली होती जेमतेम बोटभर जाडीची चकती.

एवढ्या चकतीला मुळं फुटण्याइतका दम नसतो, म्हणून कलम. खुंटासाठी मी ड्रॅगन फ्रूटची तीनधारी फांदी वापरते. सांगली-सोलापूरकडे आता त्याच्या बागा झाल्यात, छाटणीच्या फांद्या सहज मिळतात. खुंट आडवा कापला आणि त्याच्या तिन्ही कडा पेन्सिलीला टोक करतात तशा तिरप्या तासल्या. साल ताठ असते आणि गर सुकताना आत ओढला जातो. कडा तासल्या नाहीत तर मधला भाग खाली बसतो आणि चकती अधांतरी राहते. मग खुंटावरून आणखी एक पातळ काप घेऊन तो झाकणासारखा तसाच वर राहू दिला, कापलेला भाग सुकू नये म्हणून. चकती तयार झाल्यावर झाकण सरकवून तिला जागेवर ठेवलं.

कलमाची सगळी मेख इथं आहे. खुंटातलंही कडं असतं, मसुराएवढं, आणि चकतीतलं वाटाण्याएवढं. चकती बरोबर मधोमध ठेवली तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात राहतं आणि नळीला नळी भेटतच नाही. म्हणून चकती जराशी बाजूला सरकवायची, म्हणजे दोन्ही वर्तुळं कुठंतरी एकमेकांना छेदतात. आतली हवा जाण्यापुरतं दाबून दोन रबरबँड अधिक चिन्हासारखे कुंडीच्या बुडाखालून घेतले. सावलीत ठेवलं. अकराव्या दिवशी रबर काढले, चकती धरून बसली होती. दिवाळीत शेंड्यावर नवी पांढरी लोकर दिसली.

या मानानं पानांपासून रोपं करणं सोपं, आणि त्याचा पहिला धडा आपण शाळेतच घेतलेला असतो : पुस्तकात ठेवलेलं पानफुटीचं पान. माती नाही, पाणी नाही, तरी कडेला पिल्लं. याच पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा जातो, हे आपल्याच देशात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली पत्रातून कळवलं होतं. कारण पुढं उलगडलं. ही झाडं दिवसा रंध्रं मिटून घेतात, रात्री उघडतात, आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत साठवून ठेवतात. पाणी वाचवण्याची ही युक्ती माझ्या गच्चीवर रोज रात्री चालू असते.

एचेव्हेरियाचं पान काढताना मात्र ते डावी-उजवीकडे हलवत मुळापासून सुटं करावं लागतं. कोंब पानाच्या बुडाशी असतो. पान मध्येच तुटलं तर कधी मुळं येतात, रोप येत नाही. आणि पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान कापून तुकडे लावले तर पिल्लं निव्वळ हिरवी निघतात. ती पिवळी कड वेगळ्या पेशींच्या थराची असते, आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. तशीच्या तशी कड हवी असेल तर गड्डा फोडून वेगळा करायला हवा.

काकूंनी फूल मिटल्यावर मला एक फांदी तोडून दिली. ती चार दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी ठेवलीय, काप सुकेपर्यंत. खालचं टोक कुठलं ते विसरू नये म्हणून त्यावर पेन्सिलीनं बाण काढलाय. लेबलही पेन्सिलीनंच लिहिलं, श्रीखंडाच्या डब्याची पट्टी कापून; शाई उन्हात वर्षभरात उडते, शिसं टिकतं. वर एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, खाली ब्रह्मकमळ, त्याखाली काकूंचं नाव आणि तारीख. मागच्या बाजूला : अर्धी सावली, पावसात बाहेर, थंडीत हात आखडता.