हरियाल दारी यायचा तर

आपल्या परसात कोणतं पाखरू यावं असं तुम्हाला वाटतं? गटाच्या बैठकीत हा प्रश्न टाकून बघा. हप्त्याचा हिशेब क्षणभर बाजूला राहील. कोणी मोर म्हणेल. तिनं आधी आपल्या मिरचीच्या रोपांचा विचार करावा. कोणी पोपट म्हणेल. तो झाडावर आला तर आनंदच, पिंजऱ्यात मात्र नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे रानपोपट पाळायला बंदी आहे.

मला विचाराल तर मी हरियाल मागेन. हरियाल म्हणजे हिरवं कबूतर. काही जण त्याला हरोळी म्हणतात. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण आपल्यातल्या बहुतेकींना ओळखू येत नाही. पिवळसर हिरवं अंग, पिवळेधमक पाय. वडाच्या पानांत थवाच्या थवा बसलेला असतो आणि आपण खालून घागर घेऊन जातो. फळं टपटप पडायला लागली की मान वर करावी. बराच वेळ टक लावली की एक पान हलतं आणि मग कळतं, ते पान नव्हतंच.

हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरला तर पायात काडी धरून उतरतो, अशी गोष्ट म्हातारी माणसं सांगतात. काडीचं सोडून द्या. पण तो क्वचितच खाली उतरतो हे खरं, कारण त्याचं पोट झाडावरच भरतं. अंगणात ज्वारी टाकली तर चिमण्या येतील, होले येतील, पारवे येतील. हरियाल येणार नाही. त्याला लागतात वड, पिंपळ आणि उंबराची फळं.

ही झाडं सगळी एकदम पिकत नाहीत. एकाच गावातले दोन वडसुद्धा वेगवेगळ्या वेळी पिकतात. उंबर तर वर्षातून अनेकदा लगडतो. आंबा, जांभूळ, बोरं आपापल्या हंगामात येऊन जातात. मधल्या दिवसांत पाखरांची चूल या झाडांवर चालते. म्हणून रस्ता रुंद करताना कडेचे जुने वड गेले, की सावली जातेच, पण पाखरांचं कोठारही रिकामं होतं.

याच फळांवर धनेशही येतो. राखाडी रंगाचा, घारीएवढा, मोठ्या वाकड्या चोचीचा. त्याच्या मादीची गोष्ट आपण बायकांनी ऐकावी अशी आहे. उन्हाळ्यात ती जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, बस. अंडी घालते, उबवते, आणि त्याच काळात तिच्या पंखांतली पिसं गळून नवी येतात. म्हणजे तिला उडताही येत नाही. नर दिवसभर फळं, किडे आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला किंवा ते झाड तोडलं, तर आतल्या सगळ्यांचंच संपलं. ढोलीचं झाड वाळकं, निकामी म्हणून आपण सरपणाला काढतो. ते काढण्याआधी उन्हाळाभर नजर ठेवावी.

आता वटपौर्णिमेचं बोलू. वड लांब आहे, वेळ नाही, म्हणून बाजारातून फांदी आणायची, पाटावर पुजायची आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकायची, हे गावातही सुरू झालंय. पूजेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वडाची फांदी ही टाकायची वस्तू नाही, ती रोवली तर फुटते! बाजारातली कोवळी डहाळी मात्र चालत नाही. मनगटाएवढी जाड, माणसाच्या उंचीची फांदी हवी. त्यासाठी चांगलं झाड तोडू नका. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, त्यांतली मागून घ्या. पानं काढा, वरच्या कापलेल्या टोकाला शेणमाती लिंपा आणि दोन फूट खोल पुरा. उंबराचं तर त्याहून सोपं. पाखरांच्या विष्ठेतून त्याची रोपं भिंतीत, आडाच्या कडेला आपोआप उगवतात. लहान असतानाच मुळासकट काढून बांधावर लावा.

तोवर, झाड मोठं होईपर्यंत, सावलीत मातीचं पसरट परळ ठेवा. पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड, आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशी मोकळी जागा. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. थंडीत स्वर्गीय नर्तक आपल्या भागात येतो, लांब पांढऱ्या फितीसारख्या शेपटीचा. हा किडे खाणारा, त्याला फळं नकोत. पण गर्द झाडी असेल तर तो पाण्यावर येऊ शकतो. भाजीवर औषध मारत असाल तर परळ आधी उचलून घ्या.

वड घराच्या भिंतीजवळ किंवा विहिरीच्या कडेला लावू नका, मुळं बांधकाम फोडतात. गावठाणात, गायरानात लावायचा तर आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते बैठकीतच नावानिशी लिहून ठेवा. आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्याच दिवशी करा. शेळी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.