पाणी मिसळले म्हणजे सांडपाणी शुद्ध होत नाही

कारखान्याला पाणी लागते आणि वापरलेले पाणी कुठेतरी सोडावेच लागते. मात्र ते कसे सोडायचे, हे कारखानदाराच्या मर्जीवर नसते. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानुसार त्यासाठी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते.

नदीनाल्यात जाणाऱ्या सांडपाण्यासाठी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. सामू ५.५ ते ९ असावा. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. काही उद्योगांना स्वतंत्र मर्यादाही आहेत.

या मर्यादा गाठण्यासाठी रसायनेच वापरतात. तुरटीने बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात, चुन्याने आम्लता मोडते. मुलामा देण्याच्या कारखान्यातील विषारी क्रोमियमवर आधी सोडियम मेटाबायसल्फाइटची प्रक्रिया करून ते कमी घातक रूपात आणतात, मग चुना घालून खाली बसवतात. पण असे विष नाहीसे होत नाही, ते गाळात उतरते. म्हणून तो गाळ घातक कचरा समजून वेगळा हाताळावा लागतो. औषधही बेताने घालायचे असते. जंतुनाशक क्लोरीन जास्त उरला तर मासे मरतात, त्यामुळे त्यालाही लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आता एक साधा हिशेब पाहू. एका कारखान्यातून रोज १ लाख लिटर पाणी निघते आणि त्याचा सीओडी ५०० आहे, असे समजा. नदीवरचा बोजा झाला ५० किलोंचा. त्यात १ लाख लिटर स्वच्छ पाणी मिसळले, की सीओडी २५० वर येतो. नमुना पास होतो, पण नदीत ५० किलोच जातात! वर स्वच्छ पाणी वाया गेले ते वेगळेच. म्हणूनच संमतिपत्रात पाण्याच्या दर्जाबरोबर रोजचे प्रमाणही लिहिलेले असते. तपासणीत बाटलीतल्या नमुन्याइतकेच महत्त्व प्रवाह मोजणाऱ्या मीटरला द्यायला हवे.

कायद्याला धारही आहे. नियम मोडणाऱ्या कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकते. चालू स्थितीतील शुद्धीकरण यंत्रणा असेल तरच उद्योग चालवता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजावले आहे. यातला ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. यंत्रणा उभारणे एकदाच होते, पण तिची वीज, रसायने आणि माणसे यांचा खर्च रोजचा असतो. तो वाचवला, तर त्याची किंमत खालच्या गावांतल्या विहिरी चुकवतात.